चारही कोपरे शाबूत

आमच्या घरात माणसापेक्षा कागदाची बडदास्त जास्त, असं आई म्हणायची, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. बाबा पहिल्यांदा आखातात आले तेव्हा चौघांच्या खोलीत राहायचे. तिथल्या एसीचं पाणी त्यांच्या फाइलवर ठिबकत राहिलं आणि डिप्लोमाच्या सर्टिफिकेटवरची सही शाईच्या डागात विरून गेली. त्यापायी व्हिसा पाच महिने लटकला. ते पाच महिने आई मला घेऊन पुण्याला मामाकडे राहिली, आणि मामीने ते दिवस मोजून काढले. तेव्हापासून बाबांनी लॅमिनेशनचा ध्यास घेतला. माझी लस टोचल्याची कार्डं, शाळेचे रिझल्ट, धाकट्या केदारने काढलेला वेडावाकडा उंट, देवाजवळचं अथर्वशीर्ष, आईच्या पुरणपोळीच्या प्रमाणाची चिठ्ठी, सगळं प्लास्टिकमध्ये गेलं. एकदा तर त्यांनी लाइट-पाण्याचं बिलच लॅमिनेट करून भरायला नेलं. काउंटरवरच्या माणसाचा शिक्का त्यावर उठेना, तेव्हा बाबा त्यालाच म्हणाले, “तुमची शाई हलकी आहे.”

हे सगळं व्हायचं आमच्या बिल्डिंगखालच्या अशरफभाईंच्या टायपिंग सेंटरमध्ये. व्हिसाचे फॉर्म अरबीत टाइप करून देणं, झेरॉक्स आणि लॅमिनेशन, एवढ्यावर त्या केरळी माणसाचं दुकान चाले, आणि त्यातलं निम्मं आमच्यावर चालतं असं आईचं म्हणणं. आम्ही शारजात अल नहदाला सातव्या मजल्यावर राहायचो. समोर वाळूचा मोकळा पट्टा, त्यापलीकडे दुबईचे दिवे. घरात एसीची घरघर इतकी सततची की ती बंद पडली तरच ऐकू यायची. बाबा हमरिया फ्री झोनमध्ये पाइपच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. पहाटे कंपनीची बस त्यांना घेऊन जायची, आणि गुरुवारी अर्धा दिवस आणि शुक्रवारी सुट्टी, तेवढाच काय तो वेळ आमचा संसार एकत्र जेवायचा.

शुक्रवारी आमच्याकडे डेल अंकल यायचे. ते बाबांचे वरिष्ठ, अमेरिकन, उंच आणि किंचित वाकलेले, एकटे. बायकोशी काडीमोड झालेला, मूलबाळ नाही. बाबा त्यांना समोर ‘सर’ म्हणायचे आणि मागे ‘डेलसाहेब’. एका शुक्रवारी बाबांनी भिडेखातर जेवायला बोलावलं आणि आईच्या थालीपिठाने त्यांना कायमचं बांधून टाकलं. थालीपिठाच्या मधल्या भोकात लोणी वितळताना ते एखाद्या लहान पोरासारखे बघत बसायचे. बरोब्बर दोन खायचे, तिसरं कितीही आग्रह केला तरी नाही. केदार समोर बसून “आई, आय डोन्ट वॉन्ट धिस, आय वॉन्ट नूडल्स” म्हणायचा, तेव्हा डेल अंकल त्याच्याकडे खरोखरच्या करुणेने बघायचे. ते बोलायचे इंग्रजीच. मी आठवेल तसं मराठीत लिहिते आहे.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. त्या उन्हाळ्याच्या अखेरीस डेल अंकल साठीचे होणार होते. साठी झाली की व्हिसा वाढवून मिळायचा नाही, आणि तिथे माणूस कितीही वर्षं राहिला तरी व्हिसा संपला की यल्ला, चला, सामान बांधायचं. वीस-बावीस वर्षं आखातात काढून त्यांच्याजवळ फारसं काही उरलेलं नव्हतं. जे होतं ते बायकोकडे गेलं होतं. उरला होता एक सिगारचा लाकडी खोका. तो त्यांनी एका शुक्रवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला. आत पत्त्यांएवढी, जाड कागदाची रंगीत चित्रं होती, टोप्या घातलेल्या खेळाडूंची. बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा अमेरिकन चुलतभाऊ, एवढंच मला ठाऊक. ती कार्डं त्यांच्या लहानपणी च्युइंगमच्या पाकिटातून मिळायची, आणि इतर पोरं ती सायकलच्या चाकात अडकवून फटफट वाजवत असताना हा मुलगा ती खोक्यात जपून ठेवत होता. आता म्हणे तिकडे मोठी माणसं त्यांना वेड्यासारखे पैसे देत होती. त्यांच्या बहिणीच्या गावाजवळ तळ्याकाठी एक लहानसं लाकडी घर विकायला होतं. एक व्यापारी कार्डं घ्यायला तयार होता, पण आधी त्याला यादी हवी होती: कुठलं कार्ड, आणि कुठल्या स्थितीत. डेल अंकलच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला आणि हात थरथरायचे. “तुझे डोळे मला उसने दे,” ते मला म्हणाले, आणि खिशातून एक भिंग काढून त्यांनी माझ्या हातात ठेवलं.

मग दोन-तीन शुक्रवार आमची शिकवणी चालली. सुरुवात कोपऱ्यांपासून. चारही कोपरे शाबूत हवेत, टोचतील असे. मग कडा. मग चित्राभोवतीची पांढरी चौकट चारी बाजूंनी सारखी आहे का ते बघायचं; छपाई एका अंगाला सरकली असेल तर किंमत घसरली. मग कार्ड खिडकीशी तिरकं धरून त्यावरून उजेड सरकवायचा. केसाएवढी मोड असली तरी उजेड तिथे अडखळतो. शेवटी पाठ तपासायची, च्युइंगमचा डाग शोधायला. एकाच खेळाडूची दोन कार्डं, एकाचा एकच कोपरा बोथट, तर डेल अंकलनी आणलेल्या दरांच्या जाडजूड पुस्तकात त्याची किंमत दुसऱ्याच्या पाव. आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “हे तर मुलगी बघायला आल्यासारखंच झालं की. चालून दाखव, केस सोडून दाखव, जरा उजेडात ये.” मी हे भाषांतर करून सांगितलं तर डेल अंकल ठसका लागेपर्यंत हसले.

त्याच दिवशी त्यांनी मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगितली. कार्डाला काहीही करायचं नाही. पुसायचं नाही, दाबून सरळ करायचं नाही, कापायचं नाही, चिकटवायचं नाही. माणसाने काही केलं नाही, यातच त्याची सगळी किंमत. हे ते बोलले तेव्हा बाबा बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. ते आत आले तेव्हा डेल अंकल पुढचं सांगत होते, की इथली दमट हवा ही या कार्डांची शत्रू आहे. बाबांनी मान डोलावली. दमट हवेशी त्यांचं जुनं वैर होतं.

डेल अंकल व्हिला रिकामा करत होते, त्यामुळे खोका आमच्याकडेच राहिला. मी शाळेतून आले की हात धुऊन, पुसून, वाळवून बसायची. खेळाडूंची नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून केदारने आणि मी त्यांना आपली नावं दिली. एक नाकाड्या, एक बँकेतले पटवर्धन, एक रुसलेला. सगळ्यांत मोलाचा होता तो गालफुग्या: विशीतला पोरगा, तंबाखूने एक गाल फुगलेला, त्याच्या खेळाच्या पहिल्याच वर्षीचं कार्ड. चारही कोपरे शाबूत, चौकट सूत लावून आखल्यासारखी. कालच छापून आल्यासारखं ते कार्ड मी कितीदा नुसतंच बघत बसायची. अडीचशे कार्डांमधून मी चाळीस उत्तम वेगळी काढली, बटर बिस्किटांच्या निळ्या डब्यात टिश्यू पेपर घालून ठेवली, आणि त्यांची यादी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिली. दरांची बेरीज बाबांनी केली. आधी डॉलरमध्ये, मग मोठ्याने दिरहाममध्ये, मग रुपयांत, आणि मग उठून ते पाणी प्यायले. “म्हणजे साहेबांचं घर झालं,” ते म्हणाले. त्या आवाजात हेवा नव्हता. बाबांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं मनापासून आवडायचं, हा त्यांचा गुण मी आजवर फार थोड्या माणसांत पाहिला.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा परत सुरू झाल्यावर, सप्टेंबरात बिल्डिंगचा एसी बंद पडला. वॉचमनला विचारावं तर “कल आयेगा, इन्शाल्ला,” आणि तो कल काही उगवेना. भिंतींना घाम, पापड मऊ, मीठ डब्यात दगड झालेलं. बुधवारी मी निळा डबा उघडला तर गालफुग्या किंचित, अगदी किंचित, धनुष्यासारखा वाकला होता. व्यापाऱ्याला यादी गेलेली होती, आणि डेल अंकल शुक्रवारी डबा घ्यायला येणार होते. मी रडकुंडीला येऊन म्हणाले, “बाबा, कार्डं खराब होतायत, काहीतरी करा ना!” हे वाक्य माझं आहे. इतकी वर्षं मी ते कुणाला सांगितलेलं नाही. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “बघतो मी. तू काळजी करू नकोस.”

गुरुवारी मी शाळेच्या सायन्स प्रदर्शनाच्या तयारीला गेले होते. तीन वाजता घरी आले तर एसी सुरू होता. बाबा सोफ्यावर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले, चेहरा असा की आता हसू फुटेल. टेबलावर निळा डबा होता, पण त्याचं झाकण बसत नव्हतं. वरून रबरबँड लावलेलं. ते झाकण बघूनच मला कळलं.

“उघड की,” बाबा म्हणाले. “अशरफ तीन दिरहाम म्हणत होता एकाचे. मी म्हटलं, हबीबी, चाळीस आहेत, दोन लाव. ऐंशीत केले. म्हणजे आपले पावणेआठशे रुपये. पण आता शंभर वर्षं कशाला काही होणार नाही. आणि हे बघ, वाकलेलं होतं ना, तेही इस्त्री केल्यासारखं सरळ झालं!”

चाळीसच्या चाळीस. प्रत्येकाभोवती बोटभर चकचकीत प्लास्टिकची किनार, कोपरे अशरफभाईंनी हौसेने गोल कापलेले. कार्डं अजून थोडी गरम होती. आत गालफुग्या तसाच हसत होता. मी म्हणाले, “छान झालंय, बाबा.” हे दोन शब्द माझ्या तोंडून कसे निघाले ते मला आजही सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं. तिने आधी गॅस बंद केला. “सगळीच?” तिने विचारलं. बाबांनी अशरफभाईंकडे आधी एका फाटक्या कार्डावर नमुना करून घेतला होता. तो मी घेऊन आले. आईने सुरीने कड कापली, मी प्लास्टिक हळूहळू सोलायला लागले. प्लास्टिकबरोबर खेळाडूचं तोंडच निघून आलं. खाली नुसता करडा पुठ्ठा. आम्ही दोघी सिंकशी उभ्या राहून त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिलो. बाहेर बाबा केदारला सांगत होते की वस्तू सांभाळायला अक्कल लागते, आणि केदार “ओके बाबा, ओके” म्हणत होता.

“दैव देतं नि कर्म नेतं,” आई पुटपुटली. मग म्हणाली, “मने, यांना आत्ता सांगू नकोस. उद्या साहेबांसमोर उभे राहायचेत ते.” मी म्हणाले, “सांगितलं नाही तर डेल अंकल सांगतील.” ती भाजणी मळायला बसली. मला बाबांचा इतका राग आला होता की त्यांना धरून हलवावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी त्यांना कुणी एक शब्द जरी बोललं असतं तर मी त्या माणसाचा गळा धरला असता. असा राग कुठे ठेवायचा हे मला त्या वयात माहीत नव्हतं. अजूनही माहीत नाही.

शुक्रवारी डेल अंकल आले. जाण्याआधीचा शेवटचा शुक्रवार, म्हणून त्यांनी केदारसाठी पतंग आणला होता. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्यांनी डबा दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसा पुढे केला. “सर, नाऊ नो टेन्शन. नो वॉटर, नो मॉइश्चर. हंड्रेड इयर्स गॅरंटी.”

डेल अंकलनी रबरबँड काढलं. पहिलं कार्ड उचललं. ते उजेडाकडे नेलं, आणि प्लास्टिकवर खिडकीचा अख्खा चौकोन चमकला. त्यांनी ते खाली ठेवलं, दुसरं उचललं. मग तिसरं. मला वाटलं आता थांबतील, पण ते एकेक करून चाळीसही बघत गेले, आणि आम्ही सगळे उभे. मधे एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं, मग परत त्यांच्याकडे, आणि माझी मान आपोआप डावीकडून उजवीकडे हलली. बाबांना माहीत नाही, एवढंच मला सांगायचं होतं. त्यांना ते कळलं.

शेवटचं होतं गालफुग्याचं. ते हातात धरून त्यांनी प्लास्टिकच्या गोल कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “मिस्टर साठे, ही कार्डं मी दहा वर्षांचा असल्यापासून माझ्याजवळ आहेत. माझ्याशिवाय त्यांची एवढी काळजी कुणीही घेतली नव्हती.” आणि गालफुग्या त्यांनी बाबांच्या हातावर ठेवला. “हे तुमचं.”

बाबा हबकलेच. यादीतलं सगळ्यांत महाग कार्ड कुठलं हे त्यांना पाठ होतं. “नो सर, नो, नो, धिस इज टू मच!” म्हणत ते मागे सरकले, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, शेवटी कार्ड कपाळाला लावून त्यांनी घेतलं. आईने पदर तोंडाला लावला आणि तव्याकडे वळली. त्या दिवशी डेल अंकलनी तीन थालीपिठं खाल्ली. तिसरं त्यांनी मागून घेतलं.

मी त्यांना खाली सोडायला गेले. लिफ्टमध्ये मी रडायला लागले आणि म्हणाले की मीच बाबांना काहीतरी करा म्हटलं होतं. ते म्हणाले, “मीसुद्धा दमट हवेबद्दल त्यांच्यासमोरच बोललो होतो.” पार्किंगमध्ये उन्हाने डोळे दिपत होते. मी विचारलं, “आणि घर?” त्यांनी खांदे उडवले आणि गाडीचं दार उघडलं. मी यादीची माझ्याकडची प्रत आणली होती. ती काय करू म्हणून पुढे धरली. त्यांनी ती घडी करून माझ्याच मुठीत दिली. “ठेव तू. तू लिहिलीस त्या दिवशी ती खरी होती.”

डेल अंकल बहिणीच्या घरी मागच्या खोलीत राहायला गेले. दर नाताळात त्यांचं पत्र यायचं, त्यात बर्फाचं, बहिणीच्या कुत्र्याचं, आणि शेवटी न चुकता थालीपिठाबद्दल असायचं. तळ्याचा उल्लेख कधीच नसायचा. पाचेक वर्षांनी पत्रं थांबली. ती सगळी बाबांनी लॅमिनेट केली.

गालफुग्या आमच्या घरात अथर्वशीर्षाशेजारी उभा राहिला, आणि बाबांच्या लेखी तो आमचा गुप्त खजिना झाला. केदारच्या कॉलेजच्या वेळी, कंपनी बंद पडली तेव्हा, आईच्या आजारपणात, दर वेळी ते म्हणायचे, “अगदीच अडलं तर गालफुग्या आहेच.” आणि दर वेळी आई नाहीतर मी घाईने म्हणायचो, “नको, अजून भाव वाढेल.” आमचं कधी अगदीच अडलं नाही. त्याबद्दल मी देवाचे आभार मानते, पण मनातून मला त्या प्रत्येक वेळी घाम फुटलेला आहे.

आता बाबा ऐंशीला टेकलेत आणि पुण्यात माझ्याकडे असतात. आई जाऊन सहा वर्षं झाली. माझा बारा वर्षांचा ईशान फुटबॉलची कार्डं जमवतो. एकेक कार्ड कडक पारदर्शक पाकिटात सुटं ठेवतो, बोटं न लावता. मागच्या रविवारी मी थालीपिठं लावत होते आणि त्याने देवाजवळचा गालफुग्या उचलला.

“आजोबा, हू डिड धिस?”

“मी!” बाबा खुशीत म्हणाले. “बघ, इतकी वर्षं झाली, आहे तसाच आहे.”

“बट यू किल्ड इट, आजोबा.” तो मोबाइलवर शोधत होता. “वेट. हे लॅमिनेट केलं नसतं तर... आजोबा, धिस इज लाइक अ हाउस. आणि आता झिरो. इट कान्ट बी अनडन.”

मी हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर धावले, पण वाक्य सुटलेलं होतं. बाबा आधी हसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “मने, हा म्हणतो ते खरंय?”

“त्याला काय कळतंय, बाबा.”

“आई, यू नो इट्स ट्रू,” ईशान म्हणाला.

बाबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. कार्ड उजेडात धरलं, तिरकं केलं, जसं मी कधीकाळी करायची. मला वाटलं, आता ते आमच्या गेलेल्या खजिन्याबद्दल बोलतील, आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ तयार होतं. आपलं तर त्यावाचून कुठे अडलं, असं मी म्हणणार होते.

“आणि बाकीची एकोणचाळीस?” बाबांनी विचारलं.

मी त्यांच्या शेजारी बसले. हाताला पीठ होतं, म्हणून त्यांचा हात धरता आला नाही. आत तव्यावर काहीतरी करपायला लागल्याचा वास येत होता. ईशान गोंधळून एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता.

कार्ड मांडीवर ठेवून बाबा म्हणाले, “त्या दिवशी साहेब आपल्याकडे जेवून गेले होते ना गं?”

“हो बाबा,” मी म्हणाले. “तीन खाल्ली त्यांनी. तिसरं मागून घेतलं.”